चार वर्षं आयर्नच्या गोळ्या खाल्ल्या, हिमोग्लोबिन तिथंच. शेवटी घेतलेल्या आयर्नच्या सलाईनचा रिव्ह्यू

रिव्ह्यू कशाचा ते आधी सांगते. फेरिक कार्बोक्सीमाल्टोज, दवाखान्यात सगळे एफसीएम म्हणतात, म्हणजे शिरेतून द्यायचं आयर्न. मी ते गेल्या वर्षी जूनमध्ये दोन वेळा घेतलं, आधी १००० मिग्रॅ आणि आठवड्यानं ५००. बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, मी कुणाचंच नाव टाकत नाही कारण आतलं औषध तेच. पण नुसतं "सलाईन मस्त, पाच स्टार" असं लिहून उपयोग नाही, कारण त्याच्या आधीची चार वर्षं मी न चुकता गोळ्या खात होते आणि त्या चार वर्षांत काय चुकत होतं ते कळलं नसतं तर सलाईनचे पैसे पण पाण्यात गेले असते. म्हणून लांबलं तरी सगळं लिहितेय, ज्यांना घाई आहे त्यांनी सलाईनचा भाग खाली वाचा.

मी ४२ वर्षांची, सांगलीत राहते, पतसंस्थेत काउंटरला बसते. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मंडईतून आलं की पहिल्या मजल्यावर पिशव्या खाली ठेवायच्या, कठड्याला टेकून दम खायचा आणि मग वर. केस तर विंचरले की फणीत गुंता. रात्री झोपायला आडवं झालं की पायात नुसती वळवळ व्हायची, सारखे हलवावेसे वाटायचे, नवऱ्याला वाटायचं दिवसभर उभी असते म्हणून होत असेल. पण मी तर बसूनच काम करते.

आणि तांदूळ. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तांदूळ निवडायला बसले की ताटातले मूठभर तोंडात जायचे, कच्चे. नवा तांदूळ मऊ लागायचा, तो नको वाटायचा, जुना कोलम पाहिजे, दाताखाली कट्कन फुटणारा. शेवटी शेवटी पर्समध्ये एका छोट्या डबीत भरून न्यायला लागले, दुपारी कस्टमर नसला की चार दाणे तोंडात. सासूबाईंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या अगं पोटात दुखेल, एवढंच. कुणालाच, अगदी मला पण, माहीत नव्हतं की असं काहीतरी खावंसं वाटणं हे आयर्न कमी असल्याचं लक्षण असतं. कुणाला माती लागते, कुणाला खडू, पाटीवरची पेन्सिल, कुणाला बर्फ. तुम्हाला किंवा घरात कुणाला असं होत असेल तर लपवू नका, डॉक्टरला सांगा, हे लाजायचं काम नाहीय.

आता गोळ्यांबद्दल. पहिल्यांदा हिमोग्लोबिन ८.९ आलं तेव्हा घराजवळच्या दवाखान्यात फेरस अ‍ॅस्कॉर्बेटची गोळी लिहून दिली, १०० मिग्रॅ आयर्न आणि सोबत फोलिक अ‍ॅसिड. बरोबर कॅल्शियमची गोळी, आणि मला पित्ताचा त्रास म्हणून उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल. चिठ्ठीवर आयर्न पुढं १-०-० आणि कॅल्शियम पुढं पण १-०-०. आपण काय करणार, सकाळी नाष्टा झाला की दोन्ही गोळ्या एकदम घशाखाली, वर चहा. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ९.१. मग म्हणे चालू ठेवा. मग गोळी बदलली, फेरस फ्युमरेट, त्यानं बद्धकोष्ठता इतकी की सांगायची सोय नाही. मग सिरप, त्याची चव म्हणजे तोंडात नाणं धरल्यासारखी, तास तासभर जात नाही. मध्ये एक ऑनलाईन मागवलेली पावडर पण झाली, डब्यावर डाळिंबाचा फोटो, पाठीमागं बारीक अक्षरात बघितलं तर एका चमच्यात आयर्न ८ मिग्रॅ. साडेसहाशे रुपये. असल्या पावडरींना माझ्याकडून शून्य, कुठल्याही कंपनीची असू दे, विकत घ्यायच्या आधी डबा उलटा करून आयर्न किती मिलिग्रॅम ते वाचा.

गोळीच्या पाकिटावर पण एक बघायचं असतं, ते मला खूप उशिरा कळलं. फेरस फ्युमरेट ३०० मिग्रॅ लिहिलेलं असलं म्हणजे ३०० आयर्न नसतं, त्यातलं खरं आयर्न साधारण १०० असतं. फेरस सल्फेटच्या २०० च्या गोळीत ६० ते ६५. त्याला एलिमेंटल आयर्न म्हणतात, कामाचा आकडा तो.

बीट, खजूर, गूळ, डाळिंब हे सगळं झालं. रोज बीटाची कोशिंबीर. लाल रंग बघून आपण समजतो रक्त वाढतं, पण १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमसुद्धा आयर्न नसतं. लोखंडी कढईत भाजी करणं, त्यावर लिंबू पिळणं, अळीव, बाजरी, मटण-कलेजी खाणाऱ्यांनी ते, याचा फायदा आहे, मी नाही म्हणत नाही, ते चालूच ठेवा. पण हिमोग्लोबिन ८ वर आलेलं असताना कोशिंबिरीनं भरून निघत नाही.

चौथ्या वर्षी ८.४. म्हणजे गोळ्या खाऊन कमी झालं. तेव्हा त्या दवाखान्यात मला काय ऐकवलं तर "तुम्ही बायका गोळ्या नीट घेत नाही". मी एक दिवस चुकवलेला नव्हता हो. रिकामी पाकिटं मी ड्रॉवरमध्ये ठेवायचे, महिना संपला की मोजायला. घरी येऊन तो ड्रॉवर उघडून बसले आणि खूप रडले.

मग माझ्या जाऊबाई मला मिरजेला घेऊन गेल्या, त्यांच्या ओळखीच्या एका गायनॅक मॅडमकडे. दवाखाने म्हटलं की आमच्याकडं मिरज. नाव देत नाहीय कारण मुद्दा डॉक्टर कोण हा नाही, मुद्दा त्यांनी काय विचारलं हा आहे आणि तेच प्रश्न तुमच्या डॉक्टरनं विचारायला पाहिजेत. फाईल उघडायच्या आधी मॅडम म्हणाल्या, "पाळी किती दिवस असते?"

मी म्हटलं सात, कधी आठ.

"पॅड किती वेळानं बदलता?"

पहिले तीन दिवस दीड-दोन तासांनी.

"रात्री उठावं लागतं? गाठी पडतात?"

हो, दोन्ही. मोठ्या गाठी.

"तांबी बसवलेलीय का?"

बसवलेली होती, धाकट्याच्या वेळी, २०१७ ला. तेव्हापासूनच पाळी वाढली होती पण मला वाटलं वयाप्रमाणं होत असेल, आईची पण अशीच होती, आमच्याकडं सगळ्यांना असंच जातं. चार वर्षांत एकानंसुद्धा हे विचारलं नव्हतं आणि मी पण सांगितलं नव्हतं, कारण पाळीचं काय सांगायचं असं डोक्यात. साधी तांबीची कॉपर-टी असली की बऱ्याच जणींचं ब्लीडिंग वाढतं, ही काही नवीन माहिती नाही, सगळ्या डॉक्टरांना माहीत असते.

मॅडमनी तिथंच कागदावर हिशोब मांडला तो मला फार पटला. जेवणातून शरीर दिवसाला फार तर एक-दोन मिलिग्रॅम आयर्न उचलतं. चांगल्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम आयर्न असतं. पाळीत ८० मिलीच्या वर रक्त गेलं तर ते जास्त समजतात, म्हणजे तेवढ्यातच ४० मिग्रॅ गेलं, दर महिन्याला. आणि माझं तर त्याहून जास्त जात असणार. मी रोज पैसे मोजणारी बाई, मला एका मिनिटात कळलं, जमेपेक्षा खर्च जास्त असेल तर शिल्लक राहणार कुठून.

फेरिटिन ही टेस्ट पण पहिल्यांदा त्यांनीच लिहून दिली. ती पण चार वर्षांत कुणी केली नव्हती, नुसतं हिमोग्लोबिन, नुसतं हिमोग्लोबिन. फेरिटिन म्हणजे आपली ठेव आणि हिमोग्लोबिन म्हणजे हातातली कॅश असं समजा. कॅश कमी दिसायला लागते तेव्हा ठेव कधीच मोडून झालेली असते. माझं आलं ६. डब्ल्यूएचओ १५ च्या खाली कमी धरते, बरेच डॉक्टर ३० च्या खाली असलं तरी उपचार करतात. म्हणजे एखादीचं हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे, रिपोर्टवर सगळं काळ्या अक्षरात नॉर्मल, आणि तरी ती दमलेली असू शकते. एक लक्षात ठेवा, ताप, इन्फेक्शन, अंगात कुठं सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा करू नका.

अजून तीन गोष्टी तपासल्या. एक, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्तातला सौम्य दोष, नाही ना, कारण माझे लाल पेशींचे आकार फार लहान आले होते, एमसीव्ही ६६, आणि मायनरमध्ये पण तसंच दिसतं, त्यात आयर्न कमी नसताना वर्षानुवर्षं आयर्न खात बसण्यात अर्थ नाही. दोन, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सिलिअ‍ॅक, त्यात आतडं आयर्न उचलतच नाही. तीन, पोटातला एच पायलोरी जंतू. तिन्ही निगेटिव्ह. आणि सोनोग्राफीत गर्भाशय थोडं मोठं झालेलं.

गोळ्यांचं कुठं चुकत होतं ते पण त्यांनी सांगितलं. चहातलं टॅनिन आयर्नला धरून ठेवतं, कॅल्शियम आडवं येतं, आणि पॅन्टोप्राझोलनं पोटातलं अ‍ॅसिड कमी होतं, जे आयर्न विरघळायला लागतं. माझी सकाळ म्हणजे तिन्ही एकदम! शंभराची गोळी खाऊन त्यातलं किती अंगी लागत असेल देव जाणे. मग दोन महिने नीट पद्धतीनं घेतली, संध्याकाळी कामावरून आल्यावर रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, दोन तास चहा नाही, कॅल्शियम रात्री झोपताना, पॅन्टोप्राझोल मॅडमनी बंदच केलं. आणि रोज नाही, दिवसाआड. याचं मला नवल वाटलं, कमी गोळ्यांनी जास्त कसं होणार, पण आयर्नचा मोठा डोस गेला की लिव्हरमधून हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते साधारण चोवीस तास आतड्याला आयर्न घेऊ देत नाही. झुरिकच्या संशोधकांनी आयर्न कमी असलेल्या बायकांवर हे करून बघितलं, २०१७ मध्ये छापून आलं, दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं आयर्न जास्त अंगी लागलं. पोटाला पण त्रास कमी, माझी बद्धकोष्ठता निम्म्यावर आली. पण गरोदर बायकांनी हे वाचून स्वतःच्या मनानं दिवसाआड करू नका, तुमचा डोस डॉक्टरच ठरवणार.

दोन महिन्यांनी ८.४ चं ९.१, फेरिटिन ९. म्हणजे गोळी लागू पडत होती, पण मध्ये दोन पाळ्या झाल्या होत्या आणि त्यात परत निघून जात होतं. तेव्हा मॅडम म्हणाल्या आता शिरेतून देऊ, आणि जातंय ते पण थांबवू, दोन्ही एकदम.

आता सलाईन.

डोस वजन आणि हिमोग्लोबिनवरून ठरतो, माझं वजन ५४, हिमोग्लोबिन १० च्या खाली म्हणून एकूण १५०० मिग्रॅ. एका वेळी १००० च्या वर देत नाहीत म्हणून दोन भाग. सकाळी नाष्टा करून गेले, उपाशी जायचं नसतं. बीपी, नाडी बघितली, आधी कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती का, दमा आहे का, गरोदर नाही ना, हे विचारलं. सिस्टरनी माझ्यासमोर बाटली फोडली, औषध गडद तपकिरी, अडीचशेच्या नॉर्मल सलाईनमध्ये सोडलं की सगळी बाटली कोऱ्या चहाच्या रंगाची होते. सुई लावताना त्या म्हणाल्या, "ताई, हात अजिबात हलवायचा नाही, आणि इथं जरा जरी चुणचुणलं किंवा फुगल्यासारखं वाटलं तर लगेच हाक मारा." कारण शिरेच्या बाहेर औषध गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने, कधी कायमचाच राहतो. त्या स्वतः पूर्ण वेळ खुर्ची टाकून शेजारी बसल्या. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. तुमच्याकडं सलाईन लावून सगळे निघून गेले तर बोलवा, भीड बाळगू नका.

वीस मिनिटांत बाटली संपली. मी जाऊबाईंशी बोलत होते तेवढ्यात झालं. मग अर्धा तास तिथंच बसवून ठेवलं, कधी कधी रिअ‍ॅक्शन येते म्हणून, ते बसणं टाळू नका. जिथं अचानक रिअ‍ॅक्शन आली तर सांभाळायची सोय आहे अशाच ठिकाणी घ्या, घरी येऊन लावून देतो म्हणणाऱ्यांकडून घेऊ नका.

त्या रात्री डोकं दुखलं, दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं, गुडघे आणि मनगटं जास्त, तिसऱ्या दिवशी कमी झालं. दुसऱ्या डोसला एवढं पण नाही.

आणि सहाव्या दिवशी मी तांदूळ निवडायला बसले, सगळं ताट निवडून डब्यात भरलं, झाकण लावलं आणि मग लक्षात आलं की मी एक दाणा तोंडात टाकला नाही. हिमोग्लोबिन तेव्हा काही वाढलेलं नसणार, तरी ती ओढच गेली. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या हे बऱ्याच जणींचं आधी जातं. पर्समधली डबी मी धुऊन त्यात आता टिकल्या ठेवते.

चार आठवड्यांनी ११.३. अडीच महिन्यांनी १२.८, फेरिटिन १३१. सलाईननंतर लगेच फेरिटिन करू नका, ते खूप जास्त येतं आणि माणूस घाबरतो, निदान महिना-दोन महिने जाऊ द्या. जिना आता पिशव्यांसकट एका दमात. पायांची वळवळ तिसऱ्या आठवड्यात थांबली, तेव्हापासून झोप लागते.

खर्च दोन्ही वेळचं औषध, सलाईन, डे केअर धरून मला साडेआठ हजार पडले. जास्त आहेत, आमच्यासारख्यांना विचार करावा लागतो. पण चार वर्षांच्या गोळ्या, सिरप, पावडर, डाळिंबं यांचा हिशोब केला तर त्याहून जास्त गेले होते. कंपनीप्रमाणं किंमत बदलते म्हणून आधी विचारा. आयर्न सुक्रोज नावाचं दुसरं इंजेक्शन असतं, ते स्वस्त आहे पण एका वेळी साधारण २०० मिग्रॅ, म्हणजे माझ्या डोसला सात-आठ खेपा झाल्या असत्या, आणि काउंटर सोडून तेवढ्या सुट्ट्या मिळत नाहीत. ज्यांचा दवाखाना जवळ आहे त्यांना ते परवडेल.

एक स्टार मी कापतेय तो यासाठी की एफसीएमनं काही जणांचं रक्तातलं फॉस्फरस खाली जातं आणि परत थकवा, हाडं दुखणं सुरू होतं, हे मला आधी सांगायला पाहिजे होतं. मॅडमनी दुसऱ्या डोसनंतर टेस्ट करून घेतली, माझं थोडं कमी होतं, महिन्यानं बरोबर झालं. ज्यांना पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं त्यांनी हे नक्की विचारा.

रक्त थांबवायचं म्हणाल तर तांबी काढली, तिच्या जागी हार्मोनवाली बसवली, त्यानं ब्लीडिंग कमी होतं. पहिले चार महिने मधेमधे डाग पडत होते, वैतागले होते, मॅडमनी थांबायला सांगितलं. आता दोन दिवस, ते पण अगदी थोडं. हे केलं नसतं तर दीड वर्षात सलाईनचं सगळं आयर्न परत गेलं असतं, हे मी डोळे झाकून सांगते.

माझ्या आत्यांची गोष्ट वेगळी होती. त्या ५९ च्या, पाळी जाऊन आठ वर्षं झालेली, तरी आयर्न कमी. मी हे सगळं सांगितल्यावर त्या पण सलाईन घेते म्हणाल्या, पण मॅडमनी आधी पोटाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. पाळी गेलेल्या बाईचं, किंवा पुरुषाचं, आयर्न कमी असेल तर पोटातून-आतड्यातून कुठं रक्त जातंय का ते दुर्बिणीनं बघावंच लागतं. त्यांना आतड्यात एक गाठ निघाली, साधी होती, काढली. नुसतं सलाईन लावून घरी पाठवलं असतं तर ती तशीच वाढत राहिली असती.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, महाराष्ट्रात ५४ च्या वर. म्हणजे आमच्या काउंटरला दिवसभरात शंभर बायका आल्या तर त्यातल्या निम्म्याहून जास्त. मी आता कुणी दमून खुर्चीत बसली की विचारते, वहिनी, फेरिटिन केलंय का कधी, पाळी कशी जाते. पहिल्यांदा बावरतात, मग हळूच सांगतात.

माझी मोठी १५ वर्षांची. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते, ६० मिग्रॅ आयर्नची, ती मैत्रिणींबरोबर फेकून देत होती हे मला याच काळात कळलं, कारण काय तर मळमळतं. तिचं हिमोग्लोबिन ११.६ आणि फेरिटिन ११ आलं. आता डॉक्टरांना विचारून दिवसाआड गोळी, संध्याकाळी क्लासला जायच्या आधी, अर्धं लिंबू पिळून पाणी, आणि शाळेतून आल्यावरचा चहा जेवणाआधीपर्यंत पुढं ढकललाय. पाळीच्या तारखा आणि पॅडचा आकडा ती कॅलेंडरवर स्वतः लिहिते. रिपीट टेस्ट दिवाळीच्या सुट्टीत आहे, आकडा आला की इथंच खाली टाकीन.